दुकानाला स्वतःचा फोन द्या

गडहिंग्लजच्या बाजारात क्यूआरचा कागद नाही असं दुकान आता शोधावं लागतं. मिरचीच्या पोत्याला टेकवलेला, चहाच्या गाड्यावर काचेखाली सरकवलेला, चपला शिवणाऱ्याच्या पेटीवर चिकटवलेला, तो सगळीकडे आहे. पैसे घेण्यापुरता आपला बाजार डिजिटल होऊन बरेच दिवस झाले. पण त्याच दुकानदाराला संध्याकाळी विचारा, आज विक्री किती झाली, त्यातली उधारीवर किती गेली? उत्तर यायला वेळ लागतो. कारण ज्या फोनवर गिऱ्हाइकाचे पैसे आले, त्याच फोनवरून मुलीच्या कॉलेजची फी गेली, मेव्हण्यानं उसने घेतलेले परत केले आणि लाइटबिलही भरलं गेलं. फोनमध्ये सगळं आहे, पण दुकान कुठे संपतं आणि घर कुठे सुरू होतं ते दिसत नाही.

हा लेख क्यूआर लावून तिथेच थांबलेल्यांसाठी आहे. किराणा, मिरची कांडपाचा डंक, गॅरेज, खत-औषधं, चटणी-मसाला, शिलाई, कुठलाही छोटा धंदा धरा. कामाचा क्रम असा ठेवावा: आधी खातं, मग हिशेब, मग उधारी, आणि त्यानंतरच जाहिरात आणि पार्सल. बहुतेक जण उलट्या टोकाकडून सुरू करतात. पुतण्याकडून लोगो करून घेतात, इन्स्टाग्रामवर पान उघडतात, वेबसाइटवर पैसे घालतात. सहा महिन्यांनी पान ओस पडतं आणि 'आपल्या गावात हे चालत नाही' असा निष्कर्ष निघतो.

आपल्याच जिल्ह्यातला एक जुना प्रयोग यासाठी आठवून बघण्यासारखा आहे. १९९८ मध्ये वारणा परिसरातल्या सुमारे ७० गावांत 'वायर्ड व्हिलेज' योजना आली. गावोगावी संगणक केंद्रं झाली, बाजारभाव, शेतीसल्ला, सरकारी माहिती असं पुष्कळ काही द्यायचं ठरलं. शेतकरी मात्र केंद्रात मुख्यतः उसाचं वजन, बिल आणि खतांची नोंद बघायला येत. पुढे संशोधकांनी काही गावांत संगणक बाजूला ठेवून साध्या फोनवरच्या एसएमएसनं तीच माहिती दिली, तर ती कमी खर्चात आणि जास्त सोयीनं मिळाली. आपल्या दुकानासाठी यंत्र निवडताना एवढंच बघायचं: रोज अडणारं काम कोणतं, आणि ते हातातल्या फोनवर होतं का?

खातं आणि सिम

पहिलं काम बँकेत आहे. दुकानाच्या नावानं चालू खातं काढा. काढताना दोन गोष्टी विचारा: किमान शिल्लक किती ठेवावी लागते आणि महिन्याला किती रोख भरणा बिनखर्चाचा आहे. शिल्लक ठेवणं जड जात असेल, तर सुरुवातीला निदान एक वेगळं बचत खातं धंद्यासाठी राखून ठेवा. उलाढाल वाढली की बँक स्वतःच चालू खात्याचा आग्रह धरेल. आपल्याकडे अनेकांचा रोजचा पैसा पिग्मीतून पतसंस्थेत जातो. पिग्मी खुशाल चालू ठेवा, पण पतसंस्थेचं खातं यूपीआयला जोडता येत नाही, त्याला बँकेचंच खातं लागतं.

दुसरं काम सिमचं. नवं सिम मालकाच्या नावावर घ्या आणि ते फक्त दुकानाचं ठेवा. जुना, साधा स्मार्टफोन चालेल. क्यूआर मुलाच्या नंबरवर काढलेला असतो आणि मुलगा पुण्याला नोकरीला जातो, ही गोष्ट घरोघरी घडते. मग पैसे आले का ते विचारायला दर गिऱ्हाइकामागे पुण्याला फोन. नवरा-बायको दोघं दुकान बघत असतील तर फोन गल्ल्याजवळच राहावा, आणि पिन मात्र एकालाच ठाऊक असावा.

क्यूआर व्यापारी म्हणून नोंदवून घ्या, खासगी नको. गिऱ्हाइकाला स्कॅन केल्यावर दुकानाचं नाव दिसतं आणि दिवसाची बेरीज वेगळी मिळते. बँक खात्यातून यूपीआयनं आलेल्या पैशावर दुकानदाराला शुल्क नाही. क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून केलेल्या मोठ्या खरेदीवर मात्र कापलं जाऊ शकतं, आणि पैसे आल्याचं बोलून सांगणाऱ्या डब्याचं महिन्याचं भाडं असतं. भाडं किती आणि ते खात्यातून आपोआप जाणार का, हे डबा देणाऱ्या पोराकडून लिहून घ्या. बाजाराच्या गर्दीत हा डबा पैसे वसूल करून देतो हे खरं, कारण गिऱ्हाइकानं दाखवलेला स्क्रीन खोटाही असू शकतो. डबा बोलला किंवा आपल्या फोनवर नोंद आली, तरच माल हातात द्यायचा.

रेंजचं दुखणं आपल्याकडे आहेच, आजरा-चंदगडकडे सरकावं तसं जास्तच. दुकानाच्या फोनमध्ये दोन कंपन्यांची सिमं ठेवा. नियमित गिऱ्हाइकांना यूपीआय लाइट सुरू करायला सांगा. १,००० रुपयांपर्यंतचा व्यवहार त्यात पिनशिवाय होतो आणि बँकेचा सर्व्हर मंद असला तरी सहसा अडत नाही. एखादी आजी रोख देत असेल तर ती हसून घ्या, रोखीशी आपलं भांडण नाही.

फसवणुकीचे प्रकार रोज नवे निघतात, पण मुळाशी एकच गोष्ट असते. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन मागितला म्हणजे आपल्या खात्यातून पैसे जाणार. 'मिलिटरी कॅम्पमधून बोलतोय, जवानांसाठी मोठी ऑर्डर आहे, आधी हा क्यूआर स्कॅन करा' हा फोन देशभर फिरलेला आहे. फौजेत माणसं असलेल्या आपल्या भागात त्या शब्दावर चटकन विश्वास बसतो, म्हणून जास्त जपायला हवं. 'चुकून जास्त पाठवले, परत करा' असं कुणी म्हटलं तर आधी खात्यात खरंच जमा आहेत का ते बघा. दुकान उघडल्यावर बाहेर लावलेला क्यूआर स्वतः एकदा स्कॅन करून नाव तपासा, कारण रात्रीत वर दुसरा कागद चिकटवल्याच्या घटना घडलेल्या आहेत. फसलात, तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० ला फोन करा. पहिल्या काही तासांत पैसे अडवले जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते.

रात्रीची जुळवणी

खरं काम इथे आहे, आणि याला ॲप लागतंच असं नाही. शटर ओढण्याआधी कागदावर पाच आकडे लिहा. उदाहरणानं सांगतो. गल्ल्यात रोख ४,२०० आहे. सकाळी सुट्टे म्हणून ५०० ठेवले होते, ते वजा. दिवसात हमाली आणि चहाला ३०० गेले, ते मिळवा. म्हणजे रोख आली ४,०००. यूपीआयवर ३,६५०. एकूण आले ७,६५०. पण यातले ८०० जुन्या उधारीचे आहेत, ते आजच्या विक्रीत धरायचे नाहीत, म्हणून राहिले ६,८५०. आज नवी उधारी दिली १,१००. आजची विक्री झाली ७,९५०.

पहिल्या आठवड्यात हे जुळणार नाही. घरात लागलेलं तेल आणि साखर लिहायची राहून जाते, कुणीतरी गल्ल्यातून शंभराची नोट उचललेली असते. तेच तर शोधायचं आहे. घरात नेलेला माल आणि पैसा 'घरखर्च' म्हणून वेगळा लिहायला लागलं, की बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळतं की दुकान तोट्यात नाही, घर दुकानातून जास्त उचलतं आहे. हे बोलणं घरात थोडं अवघड जातं, पण आकडा समोर असला की भांडण कमी होतं.

दोन-तीन महिने कागदावर जमलं, की मगच फोनवर या. छोट्या दुकानाला फोनमधला साधा तक्ता पुरतो. खाताबुकसारखं ॲप घेतलंत तर महिन्याला एकदा सगळ्या नोंदींची पीडीएफ काढून दुसऱ्या ठिकाणी ठेवा, फोन पाण्यात पडला तर वही वाचली पाहिजे. बारकोडचं बिलिंग आणि संगणक शेकड्यांनी वस्तू ठेवणाऱ्या किराणा किंवा औषध दुकानालाच परवडतो. मालाची नोंद करायची तर सगळ्या वस्तूंची करू नका. ज्या दहा-पंधरा वस्तूंत तुमचा निम्मा पैसा अडकतो, तेवढ्यांची ठेवा. डंकवाल्यानं हंगामात मिरची आणि चटणीच्या वजनाची नोंद ठेवली तरी पुरे, बाकीचं वर्षभर आठवणीवर चालतं.

उधारी

ॲप विकणारे सांगतात, उधारीची आठवण आपोआप जाते. आपल्या गावात हेच सगळ्यात धोक्याचं आहे. ज्याच्याशी तीन पिढ्यांचं येणं-जाणं आहे, त्याच्या फोनवर '२,३४० रुपये बाकी, त्वरित भरा' असा कोरडा संदेश गेला, आणि तो त्याच्या सुनेनं वाचला, की गिऱ्हाईक कायमचं गेलं. ॲप घेतलं की पहिल्यांदा सेटिंगमध्ये जाऊन ही आपोआप जाणारी आठवण बंद करा.

मग आठवण द्यायची कधी? आपल्याकडच्या पैशाला स्वतःचं पंचांग आहे. दुधाचं बिल दर दहा दिवसांनी येतं. दिवाळीच्या तोंडावर दूध फरक मिळतो. उसाचं बिल कायद्यानं ऊस गेल्यापासून १४ दिवसांत यायला हवं, प्रत्यक्षात कधी येतं ते इथल्या कुणालाही विचारा. म्हणून उधारीच्या नावापुढे फक्त रक्कम लिहू नका, पैसा कुठून येणार तेही लिहा: दूध, ऊस, पगार, मुंबईची मनीऑर्डर. मनीऑर्डर आता फोनवर येते एवढाच फरक. दूधवाल्यांना बिलाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक ओळ पाठवा, 'काका, मागचे ८५० आहेत, सवडीनं बघा.' ऊसवाल्याला कारखान्याचं बिल जमा झाल्याचं कळल्याशिवाय काही पाठवू नका. आणि नोंद करताना आकडा गिऱ्हाइकासमोर मोठ्यानं वाचा. वहीत तो डोळ्यानं बघत होता, फोनमध्ये त्याला दिसत नाही, म्हणून विश्वास वाचून दाखवून टिकवावा लागतो.

निदान वर्षभर कागदाची उधारीवही फेकू नका. दोन्हीकडे लिहिणं कंटाळवाणं आहे, पण वाद झाला तर गावात अजून वहीच चालते.

संकेश्वरचं गिऱ्हाईक आणि जीएसटी

जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात व्यापारी कर खात्यानं यूपीआयच्या नोंदी बघून हजारो छोट्या विक्रेत्यांना नोटिसा काढल्या. बंगळुरूत अनेकांनी क्यूआर काढून 'फक्त रोख' अशा पाट्या लावल्या. आपल्याकडेही तेव्हा कुजबुज झाली की क्यूआर म्हणजे गळ्यातला फास. मुळात झालं असं, की अनेकांच्या खात्यात घरचे, उसनवारीचे, नातेवाइकांचे पैसे एकत्र होते आणि ते सगळे विक्रीत धरले जातील अशी वेळ आली. ज्याचं दुकानाचं खातं वेगळं आणि रात्रीची जुळवणी लिहिलेली, त्याला अशा नोटिशीचं उत्तर एका कागदावर देता येतं. क्यूआर काढून टाकल्यानं उलाढाल कमी होत नाही, पुरावा तेवढा जातो.

आता नियम. फक्त माल विकणाऱ्याला वर्षाच्या ४० लाख उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, सेवा देणाऱ्याला २० लाखांपर्यंत. पण आपलं गाव सीमेवर आहे आणि इथे एक आडवळण आहे. ४० लाखांची ही सूट राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यासाठी आहे. कर्नाटकातल्या संकेश्वरचा माणूस गडहिंग्लजला येऊन काउंटरवर चटणी घेऊन गेला तर ती राज्यातलीच विक्री. तीच चटणी तुम्ही संकेश्वरच्या दुकानदाराला पाठवली किंवा बेळगावला पार्सल केली, की ती राज्याबाहेरची विक्री होते, आणि करपात्र माल असेल तर उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी लागते. काही हस्तकलेच्या वस्तूंना यात सवलत आहे, चपला किंवा तत्सम काम करणाऱ्यांनी ते सल्लागाराला नेमकं विचारावं. दीड कोटीपर्यंतची कंपोझिशन योजना हिशेबाला सोपी आहे, पण ती घेतली तर राज्याबाहेर माल विकता येत नाही. अर्ध्या तासावर दुसरं राज्य असणाऱ्यानं हा निर्णय घाईत घेऊ नये. पुण्या-मुंबईला ऑनलाइन बाजारपेठेवरून विकायचं असेल तर १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणी नसलेल्या छोट्या विक्रेत्यालाही राज्यातल्या राज्यात ती मुभा आहे, त्यासाठी जीएसटी पोर्टलवर एक नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो.

आयकराचं गणित मात्र डिजिटलच्या बाजूचं आहे. अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत रोख विक्रीवर ८ टक्के नफा धरला जातो, बँकेतून आलेल्या विक्रीवर ६ टक्के.

व्हॉट्सअ‍ॅप आधी, वेबसाइट नंतर

इथपर्यंत आलात तर आता जाहिरात. दुकानाच्या नव्या सिमवर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घ्या. ते फुकट आहे. वस्तूंची यादी फोटोसह लावा. फोटो सकाळच्या उन्हात, पांढऱ्या कापडावर, स्वतः काढलेला, इंटरनेटवरून उचललेला नको. मिरची, गूळ, शेंगा यांचे भाव हलतात, म्हणून दरापुढे तारीख लिहा आणि दर किती दिवस टिकेल तेही सांगा.

ग्रुप काढू नका. ग्रुपवर दोन दिवसांत शुभ सकाळ आणि राजकारण सुरू होतं, आणि एकानं मागितलेली सूट सगळ्यांना दिसते. ब्रॉडकास्ट यादी करा. एका यादीत २५६ जण बसतात, पण ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच संदेश पोचतो. तेव्हा बिलावर दुकानाचा नंबर छापा आणि गिऱ्हाइकाकडून तिथल्या तिथे सेव्ह करून घ्या. आठवड्याला एकच संदेश. पूर्व भागातल्या आणि सीमेपलीकडच्या गिऱ्हाइकांसाठी वेगळी यादी करून त्यांना कन्नडमध्ये लिहा. तिकडचं कन्नड बोलायला आपल्यातल्या पुष्कळांना येतं, लिहायला अडलं तर व्हॉइस मेसेज करा.

गुगल मॅपवर दुकान नोंदवणंही फुकट आहे. संकेश्वर–बांदा महामार्गावरून गोव्याकडे जाणारी गाडी 'जवळचं गॅरेज' किंवा 'जेवण' शोधत असते, तेव्हा नकाशावर नसलेलं दुकान त्यांच्या दृष्टीनं नसतंच. वेळा खऱ्या टाका. बाजारादिवशी किंवा काळभैरव यात्रेला वेळ बदलते, तीही बदला. वाईट अभिप्राय आला तर उत्तर द्या, भांडू नका.

पार्सल

मुंबई-पुण्यातले आपलेच लोक हे पहिलं दूरचं गिऱ्हाईक. त्यांना चव माहीत असते, त्यांना समजावावं लागत नाही. सुरुवात त्यांच्यापासून करा, अनोळखी शहरांपासून नको. खाण्याच्या वस्तूला अन्नसुरक्षा नोंदणी लागते आणि तिचा १४ आकडी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. त्याखेरीज वजन, कमाल किंमत, तयार केल्याची तारीख, नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी फोन. कांदा-लसूण चटणीचं तेल सुटतं, म्हणून आत एक बंद पिशवी आणि बाहेर जाड पुठ्ठा. डबा भरून, पॅक करून, वजन करूनच पोस्टात दर विचारा, कारण बहुतेकांचा तोटा चटणीच्या वजनावर दर ठरवून पुठ्ठ्याचं वजन विसरल्यामुळे होतो. पैसे आधी घ्या. घरपोच मिळाल्यावर पैसे देण्याची सोय अनोळखी माणसाला देऊ नका, परत आलेल्या पार्सलचा दोन्हीकडचा खर्च तुमच्या माथी येतो.

कर्ज काढायचं तर

वर्षभर वेगळं खातं चाललं की त्याचं विवरण हा तुमचा सगळ्यात कामाचा कागद होतो. उद्यम नोंदणी आधार आणि पॅनवर सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. तिच्यासाठी पैसे मागणारे 'एजंट' आणि सरकारी वाटणाऱ्या नावाची संकेतस्थळं टाळा. मुद्रा योजनेत ५०,००० पर्यंतचं शिशु कर्ज छोट्या यंत्राला पुरतं. नगरपालिका हद्दीत गाडा किंवा पाटी लावणाऱ्यांसाठी पीएम स्वनिधी आहे, त्यात पहिलं कर्ज वेळेवर फेडलं की पुढचं मोठं मिळतं आणि डिजिटल व्यवहारांवर थोडा कॅशबॅकही मिळतो. फोनवर पाच मिनिटांत कर्ज देणारी ॲप्स मात्र उघडूसुद्धा नका. ती फोनमधली सगळी नावं-नंबर उचलतात आणि हप्ता चुकला की तुमच्या गिऱ्हाइकांना फोन करतात.

बँकेत जाताना बारा महिन्यांचं खात्याचं विवरण, उद्यम प्रमाणपत्र, आणि रात्रीच्या जुळवणीची वही बरोबर न्या. वही दाखवायची की नाही असा संकोच करू नका. मॅनेजर विवरणातला एखादा मोठा आकडा दाखवून 'हे कशाचे?' असं विचारेल, आणि उत्तर त्या तारखेच्या पानावर असेल.